नऊ दिवसांत औरंगाबाद

मागचे दोन शनिवार-रविवार ब्लॉगवर काहीच टाकलं नाही. कारण एकच, रिलीज. आमची टीम शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी गोदामाचं सॉफ्टवेअर करते, आणि गेले तीन आठवडे मी जालना रोडवरच राहतोय म्हटलं तरी चालेल. सकाळी शहरातून निघायचं, चिकलठाणा मागे टाकायचं, फाट्यावर एक कटिंग मारायचा आणि मग दिवसभर पत्र्याच्या शेडखाली फोर्कलिफ्टच्या मागे लॅपटॉप घेऊन फिरायचं. इंजिनियरिंगला असताना कुणी हे चित्र दाखवलं असतं तर सिव्हिलला गेलो असतो. असो.

तर त्या शेडमध्ये एक भानगड आहे. लोखंडी रॅक पार छतापर्यंत चढलेत आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये वाय-फाय पोचत नाही. प्रत्येक फोर्कलिफ्टवर एक टॅबलेट बसवलाय. ड्रायव्हर माल उचलतो, बारकोड स्कॅन करतो, गल्लीत शिरतो आणि नेटवर्कमधून गायब! पाच-दहा मिनिटांनी बाहेर आला की टॅबलेटला पुन्हा सिग्नल सापडतो आणि साठलेले सगळे स्कॅन एकदम सर्व्हरकडे धावतात. म्हणजे आमचं नेटवर्क असतंही आणि नसतंही. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, त्याप्रमाणे डिझाइनही केलं होतं, आणि आम्ही स्वतःवर खूश होतो.

रिलीजच्या तिसऱ्या दिवशी एका टॅबलेटची बॅटरी सकाळीच मेली. ड्रायव्हरला वाटलं स्क्रीन आपोआप बंद झालाय, त्याने बिचाऱ्याने काम चालू ठेवलं. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर त्या फोर्कलिफ्टपुढचा ठिपका मात्र हिरवागार. कारण मी (होय, मीच) लिहिलेल्या कोडमध्ये एरर आली तरच ठिपका लाल व्हायचा, आणि मेलेला टॅबलेट एरर पाठवत नाही. दुपारी लाइनला भाग कमी पडले आणि लाइन वीस मिनिटं थांबली. वीस मिनिटं म्हणजे काय हे ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको. तिथे पन्नाशीचे एक सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते ओरडले वगैरे काही नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, पोरगं गावाला गेलं अन् फोन नाही आला, तर तुम्ही काय समजता, खुशाल आहे?"

मी काय बोलणार? "बघतो मामा" म्हणालो आणि बग नोंदवला.

आता या सगळ्याचा इतिहासाशी काय संबंध? सांगतो. त्या रविवारी डोकं शांत करायला म्हणून ग्रँट डफ काढला. ग्रँट डफ म्हणजे साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट, ज्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा पहिला सविस्तर इतिहास इंग्रजीत छापला. पानिपतचं प्रकरण संपत आलं आणि एका वाक्याशी अडकलो. हे पुस्तक मी आधी वाचलं होतं, पण तेव्हा ते वाक्य नजरेतून निसटलं होतं. पानिपतची बातमी पेशव्यांना कशी कळली? नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, नर्मदा ओलांडत होते, तेव्हा सावकारांचा एक कासीद त्यांच्या छावणीत आला. पानिपतहून नऊ दिवसांत औरंगाबादला पोचायचं असा त्या कासिदाचा करार होता. त्याच्याजवळचं पत्र पेशव्यांनी उघडलं.

औरंगाबादला! म्हणजे ज्या पत्रातल्या मोती-मोहरांच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो, ते पत्र पेशव्यांना लिहिलेलंच नव्हतं. ते निघालं होतं आमच्या गावाला, कुठल्यातरी पेढीवर. पेशवे फक्त वाटेत भेटले.

इथे माझ्यातला इतिहासवेडा झोपला आणि नेटवर्कवाला जागा झाला.

थोडं मागे जाऊन सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण रोज वापरतो ते इंटरनेट एका गृहीतावर उभं आहे. मी पाठवतो त्या क्षणी माझ्यापासून तुमच्यापर्यंत पूर्ण रस्ता आहे, हे ते गृहीत. मधला कुठलाही राउटर पॅकेट घेऊन बसून राहत नाही. पुढे रस्ता दिसला तर ढकलतो, नाही दिसला तर फेकून देतो. पाठवणारा थोडा वेळ वाट बघतो, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. ऑफिसात आणि घरात हे मस्त चालतं. पण समजा असा पूर्ण रस्ता कुठल्याच क्षणी नसेल तर? आज 'अ' आणि 'ब' यांची गाठ पडते, परवा 'ब' आणि 'क' भेटतात, पण तिघं एकाच वेळी कधीच जोडलेले नसतात. इंटरनेटच्या हिशोबाने 'अ' ते 'क' रस्ता नाही. गावातल्या कुठल्याही आजीच्या हिशोबाने आहे, 'ब'च्या हाती निरोप द्या की!

ही आजीची अक्कल कॉम्प्युटरवाल्यांना रीतसर यायला १९९८ च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. तेव्हा इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिन्ट सर्फ आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतली मंडळी ग्रहांमधल्या इंटरनेटचा विचार करत होती. यान ग्रहाच्या मागे गेलं की संपर्क तुटतो, आणि मंगळापर्यंत निरोप जायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात, मग पोच येईपर्यंत वाट कोण बघणार? २००० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अमीन वहदत आणि डेव्हिड बेकर यांनी फिरत्या, तुटक नेटवर्कसाठी एक साधी युक्ती मांडली. जो भेटेल त्याला निरोपाची प्रत द्या. तो पुढे जो भेटेल त्याला देईल. साथीचा रोग पसरतो तसं, म्हणून नावच 'एपिडेमिक राउटिंग'. २००३ मध्ये केविन फॉल यांनी या सगळ्या विचाराला एक आराखडा दिला आणि 'डिले टॉलरंट', म्हणजे उशीर सहन करणारं नेटवर्क, हा शब्द रूढ झाला. यात निरोपाच्या एककाला पॅकेट म्हणत नाहीत, 'बंडल' म्हणतात. मला तर सरळ डाकेची थैलीच दिसते. मधल्या माणसाने थैली साठवायची, वाहायची आणि पुढचा भेटला की द्यायची. बास, एवढंच तत्त्व.

आपल्याकडेही हे करून पाहिलं गेलंय. २००३ च्या सुमारास कर्नाटकात, बंगळूरजवळच्या दोड्डबल्लापूर तालुक्यात, सरकारी बसवर एक वाय-फायचा डबा बसवला होता. बस गावाजवळून गेली की गावातल्या कॉम्प्युटरवरची जमिनीच्या उताऱ्यांची माहिती त्या डब्यात जायची आणि बस तालुक्याला पोचली की तिथे उतरायची. बस नजरेच्या टप्प्यात असायची सरासरी अडीच मिनिटं, तेवढ्यात साधारण एकवीस एमबी डेटा जायचा. एमआयटीच्या ज्या मंडळींनी हे केलं त्यांनी नाव ठेवलं 'डाकनेट'. आपलाच शब्द. आता खेडोपाडी मोबाइल टॉवर आल्यावर त्या बसची गरज उरली नाही, पण अवकाशात हाच प्रकार जोरात आहे. नासाने २०२४ मध्ये सोडलेला पेस नावाचा उपग्रह समुद्राची निरीक्षणं याच पद्धतीने खाली पाठवतो.

बरं, आता पानिपत.

अठराव्या शतकातलं मराठ्यांचं राज्य म्हणजे अटकेपासून तंजावरपर्यंत निरोपांवर चालणारी गोष्ट होती. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड छापला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. ती चाळताना मला तलवारींपेक्षा पत्रांच्या प्रवासाचंच जास्त वेड लागलं. पत्र नेणारा जासूद बहुतेक वेळा एकटा नसायचा, जोडी असायची. एक आजारी पडला, मारला गेला, तर दुसरा. महत्त्वाच्या वाटेवर 'डाक बसवत', म्हणजे टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाची माणसं ठेवत आणि थैली हातोहात पुढे जाई. घाई असेल तर सांडणीस्वार. नाजूक मजकूर असला की तोच पुन्हा दुसऱ्या वाटेनेही धाडायचा. एकूण काय, प्रती जास्त ठेवा, वाटा वेगळ्या ठेवा, कुठलीतरी एक पोचेल. वहदत साहेबांचा पेपर यायच्या अडीचशे वर्षं आधी.

पण खरी गंमत पत्राच्या पहिल्या ओळीत आहे. जुनं मराठी पत्र कसं सुरू होतं? 'विनंती उपरी येथील कुशल तागायत छ अमुक'. हा 'छ' म्हणजे चंद्राची, म्हणजे महिन्याची तारीख. इथलं सगळं कुशल आहे, पण अमुक तारखेपर्यंत! त्या 'तागायत'मुळे त्यानंतरची हमी लिहिणारा देत नाही. शाळेत आपण हे मायने पाठ केले आणि शोभेचे समजून सोडून दिले. ती शोभा नव्हती हो, तो टाइमस्टँप होता. वाचणाऱ्याने पत्र हातात आल्याची तारीख बघायची, 'छ' बघायचा आणि वजाबाकी करायची. शिवाय तुमचं अमुक तारखेचं पत्र अमुक तारखेला पावलं, हेही लिहायची रीत. म्हणजे पोचपावती. कुणाचं कुठलं पत्र मध्येच गळलं हे दोन्हीकडे कळायचं.

(हे वाचून मी रविवारी रात्री साडेअकराला टीममधल्या मित्राला फोन केला आणि म्हणालो, "अरे, आपण 'तागायत' विसरलोय." त्याने विचारलं, "कोण?" आणि झोपला.)

तर हे असं चांगलं चालणारं जाळं १७६० च्या ऑक्टोबरात तुटलं. सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये परतूरहून निघाले होते. परतूर म्हणजे आमच्या याच जालना रोडने जालन्याच्या पुढे. दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा जिंकलं. आणि २५-२६ ऑक्टोबरला अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. नकाशा डोळ्यासमोर आणा. भाऊ उत्तरेला, दिल्ली दक्षिणेला, आणि अब्दाली दोघांच्या मधोमध. नेटवर्कच्या भाषेत याला 'पार्टिशन' म्हणतात. जाळ्याचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यात भाऊंची छावणी, लाखभर तोंडं आणि रोज कमी होणारं धान्य. दुसऱ्या तुकड्यात दिल्लीपासून पुण्यापर्यंत उरलेलं सगळं मराठी राज्य. दोन्ही तुकडे आतून शाबूत होते, फक्त मधला धागा नव्हता.

अशा वेळी दोन तुकड्यांमध्ये ये-जा करणारं कुणीतरी लागतं. भाऊंच्या दृष्टीने ते होते गोविंदपंत बुंदेले. दोआबात राहून अब्दालीची रसद मारायची आणि इकडे पैसा पोचवायचा हे त्यांचं काम. डिसेंबर १७६० मध्ये अफगाण तुकडीने त्यांना अचानक गाठलं आणि ते मारले गेले. झालं, सगळ्यात मोठा दुवा गेला.

मग उरले दिल्लीहून रात्री लपतछपत जाणारे स्वार. यातला एक प्रसंग वाचून माझ्या अंगावर काटा आला. जानेवारी १७६१ च्या सुरुवातीला दिल्लीहून नारो शंकरांनी भाऊंसाठी पैसा पाठवला. सगळी रक्कम एका गाडीवर घालायची नाही, तर प्रत्येक स्वाराकडे थोडी थोडी वाटून. कल्पना उत्तम. एक पकडला गेला तरी बाकीचे पोचतील. पण रात्रीच्या अंधारात तुकडी वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून सरळ अफगाणांच्या छावणीत शिरली. मराठी बोलणं ऐकलं आणि त्यांनी कापून काढलं. पुढाऱ्यासकट. रक्कम कितीही हिश्श्यांत वाटा, सगळे हिस्से एकाच वाटेने पाठवले की ती वाटणी काहीच वाचवत नाही. हे मी आज एसीत बसून बोलतोय, त्या रात्री तिथे दुसरी वाट होतीच कुठे?

इकडे दक्षिणेत काय चाललं होतं? डिसेंबर १७६० च्या अखेरीस नानासाहेबांनी पैठणला दुसरं लग्न केलं. पैठण शेंद्र्यापासून गाडीने तास-दीड तास. तिकडे छावणीत लोक उपाशी आणि इकडे गोदाकाठी लग्न, या मुद्द्यावर नानासाहेबांना इतिहासकारांनी आणि त्याहून जास्त आपल्या काकालोकांनी जे धुतलंय, त्याला तोड नाही. मीही कॉलेजात असताना हिरिरीने धुतलंय. आता तेवढं जमत नाही.

त्यांना काहीच माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. काहीच माहीत नसतं तर ते फौज घेऊन उत्तरेकडे निघालेच नसते. पण प्रश्न असा की त्यांच्या डोक्यात जे चित्र होतं ते कुठल्या तारखेचं? दिल्लीकडचं पत्र यायला चांगल्या दिवसांतही आठवडे लागत. त्यात मध्ये अब्दाली. म्हणजे पैठणला सनई वाजत होती तेव्हा पेशव्यांच्या हातातला 'छ' बराच जुना असणार, आणि तोही मोजक्या पत्रांवरचा. नवीन वाईट बातमी आलेली नाही, म्हणजे परिस्थिती मागच्या पत्राइतकीच वाईट असेल, असं माणूस धरून चालतो. माझा ठिपका हिरवाच राहिला तो याच कारणाने. मात्र एक गोष्ट नानासाहेबांना माफ करायला मी तयार नाही. पत्रं येणंच कमी झालंय ही स्वतःच एक बातमी असते. पोचपावत्या थांबल्या आहेत हे त्यांच्या दफ्तरात कुणालातरी दिसत असणार. इतक्या काळजीने 'तागायत' लिहिणाऱ्या लोकांनी वजाबाकी करायची नाही, हे काही पटत नाही.

१४ जानेवारी १७६१. लढाई संध्याकाळपर्यंत संपली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता बघा, ही बातमी दक्षिणेत नेणार कोण? सरकारी जासुदांचं जाळं ज्या माणसांनी चालवायचं ती माणसंच मेलेली किंवा पळणारी. मल्हारराव होळकर, जखमी महादजी, तरुण नाना फडणीस, जे वाचले ते आधी जीव वाचवण्याच्या मागे आणि मग कुठे ग्वाल्हेरच्या बाजूला गोळा होणार. पण सावकारांच्या पेढ्या होत्या तशाच होत्या. पेढीला मराठा-अफगाण काही नसतं. तिला फक्त हे कळायला हवं की पेशव्यांच्या आणि सरदारांच्या नावावर फिरणाऱ्या हुंड्या उद्यापासून घ्यायच्या की नाही. ज्या पेढीला हे दोन दिवस आधी कळेल ती वाचेल, उरलेल्या बुडतील. म्हणून नऊ दिवसांचा करार. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या दख्खनचं मोठं शहर. निजामाची राजधानी इथून हैदराबादला गेली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. इथली पेढी ही बातमी विकत घेणार यात नवल नाही.

या सावकारांकडे अजून एक चीज होती, जी बघून मी अक्षरशः टाळी वाजवली. हुंडी वाटेत हरवली तर? तर 'पेठ' लिहायची, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर 'परपेठ'. त्यानंतरही एक चौथी असायची. प्रत्येक प्रतीवर ती कितवी आहे हे स्पष्ट, आणि पैसे एकदा दिले की हुंडी 'खोखा' झाली, मग मागून मूळ हुंडी पोचली तरी दमडी मिळणार नाही. आपण सर्व्हरवर एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून जी काय कसरत करतो, ती हे लोक बोरूने करत होते! एपिडेमिक पद्धतीचा मोठा दोष हाच आहे की प्रती बेसुमार होतात आणि कुठली जुनी, कुठली वापरून झालेली हे कळत नाही. हुंडीवाल्यांनी तो दोष मोजक्या, नंबर घातलेल्या प्रतींनी मिटवला होता. अशी मोजक्याच प्रती सोडायची पद्धत कॉम्प्युटरवाल्यांनी २००५ मध्ये मांडली, 'स्प्रे अँड वेट' नावाने.

तर तो कासीद निघाला. ग्रँट डफ म्हणतो नर्मदेवर गाठ पडली. मराठी इतिहासकार जागा सांगतात भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, आणि तारीख २४ जानेवारी. मी नकाशावर पट्टी ठेवली. पानिपत ते औरंगाबाद सरळ रेषेत साधारण १०७० किलोमीटर, म्हणजे नऊ दिवसांत पोचायचं तर रोज जवळपास १२० किलोमीटर, तेही कावळ्यासारखं सरळ उडत गेलं तर. एका माणसाच्या पायांचं हे काम नाही, वाटेत बदली तरी हवी नाहीतर जनावर तरी. पानिपत ते विदिशा होतात ६५५. लढाईच्या रात्री निघाला असं धरलं तरी २४ तारखेला दहावा दिवस उजाडला होता आणि पठ्ठ्या अजून भेलशालाच. पुढे पावणेपाचशे किलोमीटर बाकी. म्हणजे डेडलाइन केव्हाच हुकली होती! (हे वाचून मला का कोण जाणे फार बरं वाटलं.) अर्थात युद्धानंतरचे रस्ते, लूटमार, भर थंडी. तरीही पेशव्यांच्या स्वतःच्या जाळ्यापेक्षा तो आधी पोचला, आणि जिथे पोचायचं ठरलेलंच नव्हतं तिथे पोचला.

पत्र सांकेतिक होतं. मोती, मोहरा आणि मोजता न येणारी नाणी, असा हिशोबाच्या भाषेत. वाटेत कुणीही थैली उघडू शकतं हे सावकारांना माहीत होतं, म्हणून वरवर पेढीचाच तोटा वाटेल असं लिहिलेलं. आणि वाटेत खरंच उघडलं गेलं, पण उघडणारा असा होता की त्याला उलगडा करायला एक क्षण लागला नाही. दोन मोती कोण? एक त्याचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव. ज्याला पत्र लिहिलंच नाही तोच एकटा ते पूर्ण वाचू शकत होता. नानासाहेब तिथून परत फिरले. २३ जून १७६१ ला पुण्यात पर्वतीवर ते गेले, जेमतेम चाळिशीत.

एक शेपूट राहिलं. पत्रात दोन मोती गेल्याचं होतं, पण भाऊ गेले यावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. उत्तरेतून वेगवेगळ्या बातम्या येत राहिल्या, भाऊ जखमी आहेत, कुठेतरी लपलेत, परत येणार आहेत. प्रत्येक बातमी कुणीतरी कुणालातरी भेटून दिलेली, आणि एकीवरही 'तागायत' नाही. बंडल प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक थैलीवर आयुष्य लिहिलेलं असतं, ते संपलं की वाटेतल्या कुणीही ती नष्ट करायची. अफवेला ती सोय नाही. १७७६ मध्ये, लढाईनंतर पंधरा वर्षांनी, मी भाऊसाहेब म्हणत एका तोतयाने कोकणात इतकी माणसं आणि किल्ले गोळा केले की पुणे दरबाराला त्याच्यावर फौज धाडावी लागली. त्याला पकडून त्याच वर्षी देहदंड दिला. तोतया म्हणून हसण्यावारी नेऊ नका. जाणती, लढाया पाहिलेली माणसं त्याच्या मागे गेली होती. मेलेल्या ठिपक्याला हिरवा समजणारा मी काही पहिला नव्हे.

सोमवारी शेंद्र्याला गेलो आणि बदल टाकला. आता कुठलाच ठिपका नुसता हिरवा नसतो. प्रत्येकापुढे लिहिलंय, 'माहिती अमुक वाजेपर्यंतची', आणि ती दहा मिनिटांहून जुनी झाली की ठिपका आपोआप राखाडी होतो. लाल नाही, राखाडी. म्हणजे वाईट नाही, पण माहीत नाही. मला त्या रकान्याचं नाव 'तागायत' ठेवायचं होतं, पण क्लायंटच्या पुण्यातल्या ऑफिसने ते इंग्रजीच ठेवायला लावलं. मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, चार नंबरच्या फोर्कलिफ्टपुढे राखाडी ठिपका होता. मी म्हणालो, रॅकमागे असेल, येईल दोन मिनिटांत. ते काही बोलले नाहीत, हेल्मेट घातलं आणि त्याला शोधायला चालत गेले.